दुखत नाहीये ना? मग आत्ताच जा!

जीभ खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने फिरवून बघा. आत्ता, वाचता वाचताच. खरखरीत लागतंय? दोन दातांमधली फट जिभेला सापडतच नाही, सगळी मिळून एक भिंतच झाल्यासारखी वाटतेय? तर तो दात नाही. ते किटण आहे. डेंटिस्ट त्याला टार्टर म्हणतात.

ते नेमकं तिथेच जास्त जमतं, कारण लाळेच्या ग्रंथी जिभेखाली, त्या दातांच्या मागेच उघडतात. दातांवर रोज एक चिकट थर बसतो, तो प्लाक. तो वेळेत निघाला नाही की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात शिरतं आणि त्याचा दगड होतो. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो ना, तसंच काहीसं. एकदा दगड झाला की कितीही महागाचा ब्रश आणा, तो हलत नाही. कोळशाच्या काळ्या पावडरीने तर अजिबात नाही, उलट त्या घासण्याने दाताचं वरचं कवच झिजतं.

आता आपल्याकडची गंमत बघा. केस कापायला आपण महिन्याला जातो, फेशियलला जातो, बाइक सर्व्हिसिंगला टाकतो. दातांच्या डॉक्टरकडे मात्र रात्रभर कळ येऊन गाल सुजल्याशिवाय जायचं नाही, असा जणू घराघरातला नियम आहे. प्रॉब्लेम असा, की हिरड्यांचा आजार सुरुवातीला दुखतच नाही. ब्रश करताना बेसिनमध्ये थोडं रक्त दिसतं, बस्स. या टप्प्यावर साफसफाई झाली की हिरडी पूर्ववत होते. पण दुर्लक्ष झालं आणि आजार खाली हाडापर्यंत गेला, की झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. म्हणून ‘दुखत नाहीये, मग कशाला?’ हा प्रश्नच उलटा आहे. दुखत नाहीये तोवरच क्लीनिंगचा खरा फायदा.

आणि मग येतो तो अमर डायलॉग: ‘दात साफ करू नकोस, हलायला लागतात.’ आजी सांगते, मावशी सांगते, शेजारचे काका तर स्वतःचा दात हलवून दाखवतात. त्यांना खोटं ठरवायला जाऊ नका, कारण त्यांनी पाहिलं ते खरंच असतं. फक्त त्याचं कारण वेगळं असतं. वर्षानुवर्षं साचलेल्या किटणाने हाड आधीच खाल्लेलं असतं आणि तेच किटण दातांना एकमेकांशी सिमेंटसारखं धरून ठेवतं. ते काढलं की आधीपासून सैल असलेला दात सैल ‘दिसतो’. फटींचंही तेच. तिथे दगड होता, तो गेला. सुजलेली हिरडी उतरली. म्हणून मोकळी जागा जाणवते. दात कुणी घासून बारीक केलेला नसतो. काका पंचवीस वर्षांऐवजी पंचविसाव्या वर्षी गेले असते, तर दाखवायला हलता दात नसता.

खुर्चीत होतं काय, तर फार नाटक नसतं. आधी तपासणी. मग एक पातळ टोकाचं यंत्र, ज्याचा आवाज ड्रिलसारखा वाटतो, पण ते ड्रिल नाही. टोक फिरत नाही, सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरतं आणि किटण सुटून पडतं. सोबत पाण्याचा फवारा असतो, म्हणून तोंड सतत भरतं. ते ओढून घ्यायला गालात एक नळी लावतात. नाकाने श्वास घ्यायचा आणि त्रास झाला तर हात वर करायचा, एवढं जमलं की झालं. हिरड्या सुजलेल्या असतील तर रक्त येतं, घाबरू नका. शेवटी रबरी कप आणि पेस्ट लावून पॉलिशिंग. साधारण अर्ध्या तासाचं काम. साध्या क्लीनिंगला सहसा इंजेक्शनही लागत नाही. हिरडीच्या खाली खोल साफ करायचं असेल तर तेवढा भाग बधिर करतात. नंतर दोन-चार दिवस गार पाण्याने दात शिवशिवतात. उसाचा रस बर्फ घालून पिण्याचा बेत तेवढा पुढे ढकला.

डॉक्टरला खरं सांगा, हे मात्र महत्त्वाचं. हृदयाचा आजार, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे सगळं आधी. सिगरेट किंवा गुटखाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी दातांवरचे डाग सगळं सांगतातच, तेव्हा लपवून उपयोग नाही.

एका गोष्टीवर मात्र डेंटिस्ट मंडळींशीही भांडायला हवं. क्लीनिंग म्हणजे व्हाइटनिंग नव्हे. चहाचे, तंबाखूचे डाग निघतील, पण दाताचा मूळ रंग थोडा पिवळसर असेल तर तो तसाच राहणार, आणि तो तसा असणं नॉर्मल आहे. क्लीनिंगला गेलात आणि व्हाइटनिंगचं पॅकेज गळ्यात पडायला लागलं, तर ‘मला फक्त स्केलिंग करायचंय’ असं सरळ म्हणा. आणि ऑनलाइन मिळणारी ती स्टीलच्या हुकांची किट? आरशात बघून स्वतःच्या हिरडीत लोखंड खुपसणं याला बचत म्हणत नाहीत.

बचत करायचीच असेल तर डेंटल कॉलेज आहेत. मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं, गोव्यात बांबोळी. खासगी क्लिनिकच्या मानाने इथे अगदी कमी पैशांत काम होतं. तुमच्या तोंडात डोकावणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्याच वयाची असेल, बीडीएसच्या शेवटच्या वर्षाची किंवा इंटर्न. वर सर-मॅडम तपासायला असतात. त्यांना ठरावीक केसेस पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे सबमिशनच्या दिवसांत तुमचं स्वागतच होईल. वेळ मात्र क्लिनिकपेक्षा जास्त जातो, कारण शिकणारा माणूस सावकाश करतो. माझ्या मते ते चांगलंच आहे. निघताना त्यांना एवढंच विचारा, ‘माझा ब्रश नेमका कुठे पोचत नाहीये?’ आरसा धरून दाखवतील.

केसपेपरची रांग सकाळी लागते, तेव्हा पहिलं लेक्चर बुडेल हे धरून चला. आणि चार्जर सोबत ठेवा.