वेगवान लेन्सचे भक्त

'फास्ट लेन्स' धावत नाही. धावतो घेणारा, आधी दुकानात, मग हप्ते भरायला. लेन्सचं भोक मोठं, एवढाच अर्थ. त्यातही एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं! हा हिशेब ज्याने बसवला त्याला आमच्या सोसायटीचा खजिनदार करायला हवा.

चोवीस-सत्तर, एफ/२.८ घेतल्याशिवाय तरणोपाय नाही, असं सांगणारा एक भक्त प्रत्येक लग्नात भेटतो. निकॉनची २०१५ सालची ही लेन्स १०७० ग्रॅम भरते. किलोभर कांदे गळ्यात अडकवून बारशाला जायचं म्हणा ना!

साधी झूम लांबच्या टोकाला एफ/५.६ पर्यंत डोळे मिटते आणि २.८ तिच्या चौपट उजेड घेते, हे मान्य. कार्यालयांतले दिवे आम्हीही पाहिलेत. पण कॅननची ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही चिमुरडी १६० ग्रॅमची, अन् उजेड घेते २.८ च्या जवळजवळ अडीचपट! तिला झूम नाही म्हणता? अहो, दोन पावलं पुढे व्हा की. पंगत बसली की होताच ना?

बरं, ग्रुप फोटोत सत्तरवर २.८ ठेवलंत, की पुढच्या आत्याबाई स्पष्ट आणि मागचे मामा धुक्यात. मग करा भोक लहान. पैसे मोजले होते त्याच भोकाचे!

आणि एवढी महागाची वस्तू बाहेर निघते कधी? पावसाळ्यात बुरशी लागेल म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात. आजी सकाळच्या उन्हात खिडकीशी तांदूळ निवडत बसते, तेव्हाही ती डब्यातच असते.