वस्त्रत्यागाची चैन

१८९१ साली ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी एक नग्नसंघ स्थापन केला. सभासद अवघे तीन! चारचौघांत विवस्त्र वावरण्याचा हा अनुभव त्यांनी इंग्रज समाजवादी एडवर्ड कार्पेंटर यांना पत्रांतून कळविला. देहाविषयीची खोटी लाज जावी, हा हेतू निंद्य नव्हे. अशा निरुपद्रवी प्रयोगावर आजही पोलिसी बडगा उगारला जाऊ नये. परंतु त्याच काळात अमरावती-अकोल्याचा कापूस मुंबईमार्गे परदेशी गिरण्यांकडे जात होता आणि तो पिकविणारा कष्टकरी लंगोटीवर राबत होता. त्याच्या उघड्या अंगाला कोणी प्रयोग म्हटले नाही. साहेबांचे कपडे खुंटीवर शाबूत होते. पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली व संघ मोडला.