छप्पर बसवा, पण रंग राखून!

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक आली की आपण कसे वागतो ते आठवा. टाचा उंचावून, मोबाईल वर धरून... "काय गाडी आहे राव!" आणि दुसऱ्याच दिवशी हीच मंडळी पार्किंगमधल्या कुणाच्या तरी जुन्या जीपच्या बॉनेटवर बूड टेकवून वडापाव खातात. जीन्सच्या खिशाला पितळी बटणं असतात, हे कुणाच्या गावीही नसतं. मीही त्यातलाच. त्यामुळे हा लेख म्हणजे अर्धा कबुलीजबाब समजा.

आमच्या मामांकडे गगनबावड्याला १९७२ सालची महिंद्राची सीजे ३बी आहे. आजोबांनी नवी घेतलेली. रंग हिरवा, उन्हानं विटलेला, पण मूळचा. तिकडच्या पावसात ताडपत्रीचं हूड काही टिकत नाही. म्हणून मामांनी फायबरचं काढता येणारं हार्डटॉप करून घेतलं. जूनमध्ये चढवायचं, दिवाळीला उतरवायचं. आणि बसवायला बोलावलं कुणाला? भाच्याला. इंजिनिअर होणार ना!

रूमवरचे दोघे घेऊन मी गेलो. हार्डटॉप उचललं, ठेवलं, तर ते पाऊण इंच मागे बसलं. मी ऐटीत म्हणालो, "थोडं पुढं ढकला रे." ढकललं. खर्रर्र! बॉडीच्या कडेवर वीतभर ओरखडा, आत प्रायमर दिसायला लागला. मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आरं, उचलून घ्यायचं हुतं की रं." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

होस्टेलवर हे सांगितलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "त्यात काय, नवीन पेंट मारू की! मॅट ब्लॅक, नाद खुळा!" माझं भांडण आहे ते या वाक्याशी. त्या काळचा रंग एकाच थराचा असतो, वर आजच्यासारखा क्लिअर कोट नसतो. फडक्यानं जोरात पुसलं तरी फडकं हिरवं होतं. तो गेला की गेला. नवा रंग जास्त चमकेल, पण आजोबांच्या हाताखालून गेलेला तो रंग नसेल. आणि हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात जपलेली हवी. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. छप्पर बसवायला बॉडीला ड्रिल मारून भोकं पाडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. तेव्हा आधी आरटीओत विचारा, मग मापं घ्या.

माझ्या मते 'काढता येणारं' याचा अर्थ एकच. काढल्यावर ते कधी होतं हे कळता कामा नये!

ओरखड्यानंतर मी या विषयाच्या मागंच लागलो. लक्षात आलं की रंग वजनानं जात नाही, तो कचऱ्यानं आणि सरकवण्यानं जातो. रबराच्या खाचेत अडकलेला वाळूचा एक कण पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणून आधी गाडी आणि हार्डटॉपची खालची कड, दोन्ही भरपूर पाण्यानं धुवायच्या. मग घड्याळ, अंगठी, बक्कलाचा पट्टा काढून ठेवायचा (हसू नका, दुसरा बारीक ओरखडा आमच्या रूम-पार्टनरच्या बक्कलाचाच आहे). कडांवर धुतलेली जाड चादर टाकायची. मास्किंग टेप लावायचा मोह टाळा, कारण जुना रंग टेपबरोबर सोलून येतो. चार कोपऱ्यांना चार माणसं आणि पाचवा नुसता बघायला. बोलणार तो एकटाच. छप्पर सरळ वरून खाली आणायचं, टेकायच्या आधी चादर ओढून घ्यायची. जागा चुकली तर पुन्हा दोन इंच उचलायचं आणि हवेतच सरकवायचं.

बोल्टचं तर आपल्याला पाठ असायला हवं. सिलिंडर हेड कसं आवळतो? सगळे बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे, मग तिरके-तिरके, थोडे-थोडे. इथंही तेच. आम्ही पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला आणि बाकीची भोकं जुळेनात, म्हणून ढकलाढकली! शिवाय फार आवळणंही वाईट. उघडी गाडी खड्ड्यात पिळवटते, आणि ती हालचाल पचवायला रबरात थोडा जीव शिल्लक लागतो. रबर चेपून सपाट केलं की फायबर थेट रंगावर घासतं. आणि पावसाळ्यात रबराखाली पाणी साचून राहतं, रंगाला फोड येतात, खाली गंज. चांगली उघडीप मिळाली की बोल्ट सैल करून, छप्पर उचलून कड कोरडी करणं हाच उपाय.

१९६३ साली मर्सिडीजनं २३० एसएल आणली. तिचं काढतं छप्पर मधोमध खोलगट, म्हणून लोक तिला 'पॅगोडा' म्हणू लागले. एवढी महागडी गाडी, पण छप्पर काढायला माणसांचेच हात लागायचे.

आता थोडं आपल्या वर्कशॉपबद्दल. फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब आपण किती जणांनी स्वतः घासला? (सरांनी हा परिच्छेद वाचू नये.) टॉलरन्सची व्याख्या व्हायवात धडाधड सांगतो, पण पाऊण इंच चुकलं की हात आपोआप ढकलायलाच जातो. दहा मार्क असू देत असे, की तयार, रंगवलेला भाग एकही ओरखडा न पाडता बसवून आणि काढून दाखवा. मला खात्री आहे, आमच्या बॅचचे निम्मे तरी नापास झाले असते. मी पहिला.

ओरखड्यावर मामांनी रंग लावू दिला नाही. गंज धरू नये म्हणून मेण चोळलंय फक्त. येत्या जूनमध्ये छप्पर पुन्हा चढवायचं आहे आणि त्यांनी परत मलाच बोलावलंय. तीन माणसं आहेत, दोन कमी पडतात. यायचं असेल त्यानं मेसमध्ये गाठावं. जेवायला मामींच्या हातचा तांबडा-पांढरा आहे. बक्कलाचा पट्टा घालून येऊ नये.