इतका खटाटोप कशाला?

‘ओके गो’ या अमेरिकन बँडचा २०१० सालचा ‘धिस टू शॅल पास’ या गाण्याचा व्हिडिओ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एक दोन मजली गोदाम. खेळण्यातला ट्रक डोमिनोंच्या रांगेला धक्का देतो, रांग कोसळते, गोट्या सुटतात, छत्र्या उघडतात, टीव्ही फुटतो, पियानो खाली येतो, आणि शेवटी बँडवाल्यांच्या अंगावर रंगाचे फवारे उडतात. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी एवढं सगळं.

मी हा व्हिडिओ स्टाफरूममध्ये दाखवलाय, नातेवाइकांत दाखवलाय, वर्गात तर दरवर्षी दाखवतो. चालू असताना सगळे श्वास रोखून बघतात. कुणाच्या तोंडून ‘माशाअल्लाह’ही निघतं. संपलं की मोठ्यांकडून दोन वाक्यं ठरलेली. एक, “हे कॉम्प्युटरवर केलं असणार.” दुसरं, “काही कामधंदा नाही वाटतं या लोकांना!”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. होंडा कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीबद्दलही हेच म्हटलं गेलं. त्यात गाडीचे सुटे भाग एकमेकांना ढकलत जातात, दोन मिनिटं. ते भाग खरेच होते आणि त्यापायी शेकडो प्रयत्न फसले होते. ‘ओके गो’लाही साठाच्या वर प्रयत्न करावे लागले. आपल्याला दिसतो तो जमलेला प्रयत्न.

दुसरं वाक्य मात्र मला टोचतं.

गंमत म्हणजे या यंत्रांना ज्याचं नाव मिळालं, त्या रूब गोल्डबर्गलाही तेच विचारायचं होतं. तो शिकलेला इंजिनियर, पण झाला व्यंगचित्रकार. १९३१ सालच्या त्याच्या एका चित्रात प्रोफेसर बट्स सूप पितात. चमचा उचलला की दोरी ओढली जाते, पुढे पोपट, रॉकेट, विळा अशी साखळी चालते आणि अखेर रुमाल आपोआप त्यांची हनुवटी पुसतो. हाताने पुसायला एक सेकंद लागला असता! मराठीत याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. यंत्रांच्या मागे लागलेल्या जगाची ती थट्टा होती. पण पोरांनी थट्टा बाजूला ठेवली आणि यंत्रं खरोखर बांधायला घेतली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ३०० टप्प्यांचं यंत्र बांधलं. त्याचं शेवटचं काम? फुगा फुगवून फोडणं.

आता आपल्या घरात येऊ. ज्या काकांनी मला “कामधंदा नाही” हे ऐकवलं, त्यांच्याच मोबाइलवरून महिन्यातून एकदा मला अल्-जझरीचं हत्ती-घड्याळ येतं. ‘जगातला पहिला रोबोट मुसलमानाने बनवला’ वगैरे. दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये त्या घड्याळाची मोठी प्रतिकृती आहे. आखातात नोकरीला गेलेले आपले कोकणी भाऊ तिच्यासमोर सेल्फी काढतात. अभिमान बाळगावा, जरूर. पण ते घड्याळ चालतं कसं, हे कधी विचारलंय का?

हत्तीच्या पोटात पाणी. पाण्यावर बुडाला भोक असलेलं भांडं, आपल्याकडच्या लग्नातल्या घटिकापात्रासारखं. अर्ध्या तासात ते बुडतं. बुडताना दोरी ओढतं, वर गोळा सुटतो आणि सापाच्या तोंडात पडतो. त्या वजनाने साप खाली झुकतो आणि बुडालेलं भांडं पुन्हा वर ओढतो. मधल्या मधे माहूतही हात हलवतो. वेळच सांगायची तर भांडं आणि पाणी पुरे होतं. साप, माहूत, हत्ती कशाला? हाच तो खटाटोप, आठशे वर्षांपूर्वीचा.

१२०६ मध्ये दियारबकरच्या दरबारात पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात हात धुवायला पाणी देणारे पुतळे आहेत, पाहुण्यांसमोर वाद्यं वाजवणाऱ्या बाहुल्यांची नाव आहे. आणि त्याच ग्रंथात पाणी उपसायचे पंपही आहेत. ‘उपयोगाचं’ आणि ‘बिनकामाचं’ असे दोन वेगळे कारागीर नव्हते. एकच माणूस होता. करून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायला तो तयार नव्हता.

त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी बगदादच्या बनू मूसा भावांनी अशाच करामतींचं पुस्तक लिहिलं, ‘किताब अल्-हियल’. हियल हे ‘हीला’चं अनेकवचन. अरबीत ती युक्ती, उर्दूत मात्र ‘हीले-बहाने’ म्हणजे सबबी उरल्या. शब्दाची अशी घसरण भाषेच्या शिक्षकाला बरंच काही सांगते. मराठीने त्यामानाने ‘हिकमत’ आणि ‘हिकमती माणूस’ चांगले सांभाळलेत.

आमच्याकडे विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून तयार मॉडेल येतात. ज्वालामुखी, पवनचक्की, रंगवलेला थर्माकोल. पालक पैसे देतात, मूल पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं. वेळ वाया जात नाही. काही फसतही नाही.

मागच्या वर्षी आठवीच्या मुलामुलींना मी सांगितलं, विकत काही आणायचं नाही, कॅरमच्या सोंगट्या, पट्ट्या, गोट्या, वर्तमानपत्राच्या नळ्या घ्या आणि शेवटी टेबलावरची घंटा वाजली पाहिजे. साखळी दर वेळी अडत होती. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने उभं राहून सांगितलं, “सर, गोटी मारतेय बरोबर, पण पट्टी जड आहे.” त्याचे अब्बू साच्यावर कामाला. धक्का कुठे कमी पडतो हे त्याला मापाशिवाय कळत होतं. पुस्तकातला बल आणि वस्तुमानाचा धडा त्याने तीनदा नापास केला होता. घंटा बाविसाव्या खेपेला वाजली. आवाज ऐकून शेजारच्या वर्गातून मॅडम बघायला आल्या आणि म्हणाल्या, “याचे मार्क कुठल्या विषयात धरणार?”

पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. ‘ओके गो’ दाखवणार नाही. मुलांचे फसलेले एकवीस प्रयत्न माझ्या मोबाइलमध्ये आहेत, ते आधी दाखवेन. काकांनाही बोलावलंय.