गल्ली कुणाची?

"आमची गल्ली म्हणजे एक कुटुंबच," असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पण ज्या कुटुंबात मुलीला जन्मापासून 'परक्याचे धन' म्हणतात आणि सुनेला म्हातारपणापर्यंत 'बाहेरून आलेली' म्हणतात, त्या कुटुंबासारखी गल्ली असेल तर तिथला आपलेपणाही त्याच जातीचा असणार. मंडळाची वर्गणी बाई दारात उभी राहून देते, पावती नवऱ्याच्या नावाने फाटते. मग गल्लीची बैठक भरते आणि बाई दाराआडून ऐकते.

'वस्तीत एकोपा वाढवू या' असे आज अनेक जण म्हणतात. ते चांगलेच आहे. पण एकोपा कुणाचा, कुणासाठी आणि कोणत्या अटीवर, हे विचारणे आपले काम आहे.

हातकणंगले तालुक्यातली इचलकरंजी पाहा. 1904 साली इथे पहिला यंत्रमाग लागला. माग वाढले तशा वस्त्या वाढल्या. आसपासच्या खेड्यांतून, कर्नाटकातून आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसे आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 2 लाख 87 हजारांवर होती. इथला शेजार नात्यागोत्यातून आलेला नाही, तो पोटापाण्यामुळे जमला आहे. तो जुळवला बायकांनी. नवरा बारा तासांच्या पाळीवर असताना शेजारणीचे पोर सांभाळायचे, कांड्या भरता भरता एकमेकींची अडचण भागवायची, चावीला पाणी कधी येणार म्हणून जागायचे, ही कामे त्यांचीच. 2012 साली शहरात काविळीची साथ आली, 2005, 2019 आणि 2021 साली पंचगंगेचा पूर आला. अशा वेळी उकळलेले पाणी, पथ्याचे जेवण, छावणीतली चूल हे सारे कुणाच्या अंगावर पडते, ते वेगळे सांगायला नको. तरीही गल्लीचा इतिहास सांगताना मंडळाचे अध्यक्ष आठवतात, कांडीवाली आठवत नाही.

रहिवाशांनी मिळून काय साधता येते, याचे आपल्या राज्यातले मोठे उदाहरणही एका यंत्रमागाच्या गावातलेच आहे. भिवंडीत 1970 आणि 1984 साली भीषण दंगली झाल्या. 1988 पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी नियमित एकत्र बसायचे, नळ-गटारापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंतचे प्रश्न तिथेच बोलायचे, अफवा आली तर आधी एकमेकांना विचारायचे, असे ते काम होते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. शांतता दंगलीच्या दिवशी आणता येत नाही, ती आधीच्या अनेक साध्या बैठकांतून आलेली असते, हा त्यातला धडा आहे.

हा धडा आपल्या भागाला परका नाही. सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेतल्या एका कमानीवरून पेटलेला तणाव ऐन गणेशोत्सवात इचलकरंजीपर्यंत पोहोचला. संचारबंदी लागते तेव्हा रोजंदारीच्या घरात पहिली उपासमार बाईची होते, कारण शेवटी जेवणारी तीच असते. म्हणून गल्लीतला सलोखा हा बायकांच्या चळवळीचाही प्रश्न आहे.

पण मैत्रिणींनो, रस्ता शांत झाला म्हणजे घर शांत झाले असे नाही. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत मारहाणीचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो आणि 'त्यांच्या घरातली गोष्ट' म्हणून सगळे रेडिओ, टीव्ही मोठा करतात. दोन धर्मांतली भांडणे मिटवणारी मंडळी इथे गप्प का? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शेजाऱ्यालाही जागा दिली आहे. हिंसा होत असल्याचे समजले तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. आपलेपणा म्हणतात तो हाच. मुलगी किती वाजता घरी आली याची नोंद ठेवणारी आणि सून रडते तेव्हा बहिरी होणारी गल्ली आपली नव्हे. ती फक्त पहारा करते.

बायकांना एकत्र आणायचे म्हटले की अजूनही हळदीकुंकू ठरते. त्यात विधवा कुठे, टाकलेली बाई कुठे, मुसलमान शेजारीण कुठे? पलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनी हे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. खेड्याने हे करून दाखवले, मग शहरातल्या गल्लीला का जमू नये? याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात मार्च 1920 मध्ये शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका परिषदेत आले होते. माणसाला माणसाशेजारी बसवण्याचा वारसा आपल्याला उसना आणावा लागत नाही.

प्रश्न भावनेपुरता नाही, नोंदीचाही आहे. प्रभागातले दारूदुकान बंद करायला मतदानात पुरेशी मते बाटली आडवी करण्याच्या बाजूने पडावी लागतात. जी भाडेकरू बाई यादीतच नाही, तिला त्या दारूचा मार आहे, मत नाही. इचलकरंजी 2022 साली महानगरपालिका झाली, पण तिची पहिली निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडावा लागला. तोवर कारभार प्रशासकाकडे होता. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात. निवडून आलेल्या बाईला गल्लीतल्या बायकांचे बळ नसेल, तर ती खुर्चीत बसेल आणि कारभार घरचा पुरुष करील.

म्हणून गटांना आमची सूचना साधी आहे. गल्लीची बैठक पाळी बदलण्याच्या आणि पाणी येण्याच्या वेळी ठेवू नका. प्रत्येक घरातून बाईचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने वहीत लिहा, 'अमक्याची बायको' असे नको. भाडेकरू आणि परप्रांतीय बायकांची नावे मतदार यादीत आणि रेशनकार्डावर आहेत का ते पाहा, नसतील तर अर्ज भरून द्या. समितीत निम्म्या बायका असू द्या आणि वर्गणीचा हिशेब त्यांच्यासमोर होऊ द्या. मार खाणाऱ्या बाईने रात्री कोणाचे दार वाजवायचे, ते दार आधीच ठरवून ठेवा.

गल्लीत सगळ्यात शेवटी राहायला आलेली, एकटी, भाड्याने राहणारी बाई बैठकीत उभी राहून बोलली आणि तिचे म्हणणे वहीत लिहिले गेले, तर एकोपा वाढला असे म्हणू. तोपर्यंत काम बाकी आहे.