शिष्यवृत्ती आणि केसपेपर

हिंजवडीत खोली घेऊन राहणारी अभियांत्रिकीची मुले सत्र संपल्यावर ओपीडीत येतात. ‘डॉक्टर, ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता, दाखला द्या, स्कॉलरशिप अडलीय.’ राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीसाठी आधीच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी लागते. मागच्या तारखेचा दाखला मी देत नाही. कोणी देऊही नये. पण डेंग्यूचा ताप आठवड्यात उतरला तरी थकवा काही जणांना कित्येक आठवडे पुरतो, हे महाविद्यालयांनी मानायलाच हवे. एनएस-१ तपासणी पहिल्या पाचेक दिवसांतच भरवशाची; नंतरच्या अँटिबॉडीवरून तापाची नेमकी तारीख सांगता येत नाही. म्हणून अंगात ताप असतानाच या, केसपेपर काढा, रिपोर्ट जपा. प्राचार्यांकडे अर्जही त्याच आठवड्यात द्या, मित्राच्या हातून का होईना.