‘बेटी जैसी’ म्हणजे कोण?

दोस्तहो, थेटरात डायलॉग पडला की आपण शिट्ट्या मारतो. घरी येताना तोच तोंडात घोळवतो. पण कोण कुणाला बोललं आणि बोलून त्यानं नेमकं काय केलं, हे विचारत नाही. बोलणं ही कृती असते, असं ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडलं. आपल्या आज्याला ते आधीच ठाऊक होतं. ‘जोहार मायबाप’ म्हणताना तो कुठली माहिती देत होता? तोंडानं कंबर वाकवत होता.

बिमल रॉयचा ‘सुजाता’ (१९५९) घ्या. अस्पृश्याची पोर ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात वाढते. घरची बाई चारू तिची ओळख करून देते, ही आमची ‘बेटी जैसी’. मुलीसारखी! वरून माया, आतून सोवळं. ‘जैसी’ या दोन अक्षरांत सगळा उंबरठा उभा आहे. शेवटी चारूला रक्त लागतं, सुजाताचं जुळतं, तेव्हा कुठं ‘जैसी’ गळून पडतं. सिनेमा भल्या मनानं काढलाय, मान्य. पण मुलगी ठरायला आधी रक्त मोजायचं, हा कुठला हिशेब?

श्याम बेनेगलच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) जमीनदाराचा शिकलेला पोरगा सूर्या लक्ष्मीला चहा करायला सांगतो. ती बिचकते. आपल्या हातचं याला चालेल? तो म्हणतो, जातपात मी मानत नाही. वाक्य एकदम पुरोगामी. पण चहा तिनंच करायचाय आणि नाही म्हणायची सोय तिला नाही. मताचं कातडं पांघरलेला हुकूमच तो. पुढं तिच्या पोटात त्याचं मूल वाढायला लागतं आणि साहेबांचं पुरोगामीपण आटतं. तिचा नवरा किष्टय्या मुका-बहिरा. तो काम मागायला धावत येतो, मालकाला वाटतं सूड घ्यायला आला, चाबूक फुटतो. मुक्याच्या पावलांचा अर्थसुद्धा मालकच लावणार! तेव्हा लक्ष्मी तोंड उघडते ती शाप द्यायला. आख्ख्या सिनेमात तिची पहिली मोकळी कृती तीच.

नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त (२०१३) तर शीर्षकच बोलतं. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. घरात ते जनावराचं साधं नाव. गावची पोरं तोच शब्द जब्याच्या अंगावर फेकतात तेव्हा ती शिवी होते. शब्द तोच, फेकणारा बदलला. जब्या उत्तर देतो दगडानं, आणि दगड येतो कॅमेऱ्यावर. म्हणजे आपल्यावर.

आपल्यावर का? आता जरा आरशात बघू. आपली बैठक रंगते, क्रांतीवर तावातावानं बोलणं चालतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘ताई, जरा चहाचं बघा ना.’ ‘जरा’ आहे, ‘ना’ आहे, विनंतीचे सगळे दागिने आहेत. पण ताईला म्हणता येतं काय, ‘आज तू कर’? येत नसेल तर सूर्याला शिव्या घालायचा आपल्याला काय हक्क?

तेव्हा पुढचा सिनेमा कान उघडे ठेवून बघा. हुकूम कोण सोडतो, माफी कोण मागतो, नावं कोण ठेवतो. आणि ‘नाही’ म्हणून कोण जिवंत सुटतो. मग हेच कान घेऊन घरी जा, बैठकीला या.

‘जोहार’ टाकून ‘जय भीम’ म्हणालो त्या दिवशी आपला कणा ताठ झाला. तो ताठ कणा घरातल्या आणि चळवळीतल्या बायांनाही मिळाला पाहिजे. पुढच्या बैठकीत चहा पोरं करतील.

जय भीम!